रिकाम्या जागेतली नक्षी

आमच्या घरात एक रीत होती. डाय घासण्याआधी तिचा ठसा घ्यायचा, आणि ज्याने ती कोरली त्यानेच घ्यायचा.

डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्याच्या तोंडावर पान, फूल, वेल, मोर असं काहीतरी उलटं कोरलेलं असतं. सोनार त्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर नक्षी उठते. आमच्या वरोर गावात मासेमारीची घरं आहेत तशी ही ठोकाठोकीची घरंही आहेत. आमचं त्यातलं. सासरे कोरायचे, त्यांच्याकडून हे शिकले आणि ह्यांच्याकडून धाकटा दीर शिकला. एखाद्या नक्षीला गिऱ्हाईक उरलं नाही की ठोकळा घासून सपाट करायचा आणि त्यावर नवीन कोरायचं. पण घासायच्या आधी मऊ शिशाच्या तुकड्यावर एक ठोका मारायचा. पोलादावरची नक्षी जायची, शिशात राहायची. असे ठसे सासऱ्यांच्या खाटेखाली पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेले होते. मी लग्न होऊन तलासरीहून आले तेव्हा झाडताना ते डबे सरकवता सरकत नसत.

दिराने कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या जोडीला कोरायचं मशीन आणलं. मशीन आलं ते बरंच झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ह्यांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. दीर म्हणाला, सगळे ठसे कॉम्प्युटरमध्ये घालू, मग मशीनच कोरेल. ठसे एकेक करून स्कॅनरच्या काचेवर ठेवायचं काम मला दिलं. मी ठेवायची, झाकण लावायची, खालून उजेड सरकायचा, पुढचा ठसा ठेवायची. सासरे तेव्हा होते. ते दारात बसून बघायचे. मागून दीर त्या चित्रांवरून कॉम्प्युटरवर रेघा ओढून नक्षी तयार करायचा. सगळं झाल्यावर त्याने डब्यांतलं शिसं वितळवून विकून टाकलं.

"आता आतमध्ये आहे ना सगळं," तो म्हणाला. "शिसं काय चाटायचंय?"

हे हसले. मला हसू आलं नव्हतं. मी कुणासमोर बोलत नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली, तेव्हापासून चार माणसांत तोंड उघडायची सवयच राहिली नाही. हे लिहिते आहे ते कुणाला दाखवायला नाही.

सासरे गेल्यावर वाटणी झाली. गावातली मोठी माणसं ओटीवर बसली आणि ठरलं. कॉम्प्युटर आणि मशीन दिराला. हातकामाची सगळी हत्यारं, दाबाचं यंत्र आणि उरल्यासुरल्या तयार डाया आम्हाला. नक्षी ज्याची त्याला, सासऱ्यांची दोघांना. दिराने सगळ्यांसमोर सांगितलं की दादाची नक्षी मी हार्ड डिस्कमध्ये भरून देतो. कारखान्यात मधोमध भिंत उभी राहिली. ह्यांच्या डोळ्यांना तोपर्यंत बारीक रेघ दिसेनाशी झाली होती, नवीन कोरणं संपलंच होतं. जे होतं ते त्या कॉम्प्युटरमध्ये होतं. ती नक्षी हातात आली तर आगर गावातल्या एका मशीनवाल्याकडे डाया कापून घेता आल्या असत्या, हे त्यांची शेवटची सफाई हाताने करू शकले असते. ती नाही मिळाली तर ह्यांनी जन्मभर केलेलं काम दुसऱ्याच्या पेटीत बंद राहणार होतं.

हे मागायला जात नसत. "भाऊ आहे, देईल." मग जायची मी. दीर म्हणायचा, आज मशीन चालू आहे. आज लाइट नाही. आज डोकं दुखतंय. जाऊ डहाणूची, वडील रेल्वेत होते, कॉलेज केलेली. ती फोनवरच्या ऑर्डरी बघायची. मला दारात पाहिलं की आत हाक मारायची, "अहो, हजेरी लागली बघा."

२०१८ च्या उन्हाळ्यात मी नवी हार्ड डिस्क पदरात गुंडाळून गेले. डहाणूहून मागवलेली, मोठी. आता डिस्क नाही असं तरी त्याला म्हणता येऊ नये. मागच्या दाराने गेले, कारण पुढे त्यांची मोटारसायकल आडवी लावलेली असते. आत कॉम्प्युटरवाला आलेला होता. हा माणूस डहाणूला बसतो पण मूळचा तलासरीकडचा. जुना कॉम्प्युटर बिघडला तेव्हा त्यानेच नवीन बसवून दिला होता. नक्षीचा प्रोग्राम जुना, तो नव्या कॉम्प्युटरवर चालेना, म्हणून त्याने नव्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर तयार केला होता. बाहेरचा चालू करायचा, मग त्याच्या आतला चालू करायचा. हे मला माहीत होतं, कारण वाटणीआधी तिथे मीच झाडत असे. दीर पाहुण्यांना फुशारकीने सांगायचा, "एकात एक दोन आहेत."

त्या दिवशी त्याची फुशारकी उतरली होती. दाराकडे त्याची पाठ होती आणि तो चिडून बोलत होता.

"अरे बाबा, दादाचं सगळं उडवलं. कचरापेटीतूनपण उडवलं. माझं जुनं होतं तेपण उडवलं. तरी जागेची पट्टी लाल ती लालच. मशीन अडून बसलंय. जागा गेली कुठे?"

मी तिथेच उंबऱ्याशी उभी राहिले. दादाचं सगळं उडवलं. त्याने ते असं सांगितलं जसं आपण सांगतो की अंगण झाडलं.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "शेठ, तुम्ही आतल्या कॉम्प्युटरमधनं काढलंत. आतल्याला जागा मिळाली, बघा, आत किती रिकामं दाखवतंय. पण बाहेरच्याला हे कोण सांगणार? बाहेरच्यासाठी हा आतला कॉम्प्युटर म्हणजे एकच मोठी फाइल. ती भरत गेली तशी वाढत गेली, आता जेवढी वाढायची तेवढी वाढून बसलीये. आपोआप बारीक होत नाय ती. भाडेकरूने खोली सोडली पण चावी दिली नाय, असं धरा."

"मग घे चावी."

"घेतो ना. आधी आत एक प्रोग्राम चालवायचा. तो सगळ्या रिकाम्या जागेत शून्य भरतो. मग आतला बंद करायचा आणि बाहेरून फाइल दाबून घ्यायची. नुसतं शून्य आहे ती जागा बाहेरचा परत घेतो."

"शून्य कशाला? रिकामंच आहे म्हणालास ना?"

"रिकामं म्हणजे खरं रिकामं नाय शेठ. डिलीट केलं की नुसती नावाची पाटी निघते. माल आतच पडलेला असतो, त्याच्यावर दुसरं काही येईपर्यंत. म्हणून बाहेरच्याला वाटतं ती जागा भरलेलीच आहे."

"आणि शून्य भरल्यावर?"

"मग संपलं. मग कोणाचा बाप काढू शकत नाय."

दीर म्हणाला, "भर."

मला त्या बोलण्यातलं सगळं कळलं असं नाही. पण ठोकळा घासलेला नाही, अजून नक्षी आहे, आणि आता घासायला घेतायत, एवढं कळलं. आणि ज्याची नक्षी त्याला कुणी विचारलेलं नाही.

मी म्हणाले, "थांबा."

पंखा एवढा आवाज करत होता की ते माझं मलाच ऐकू आलं. कॉम्प्युटरवाल्याने माऊस हलवला. मी आत गेले आणि हातातली हार्ड डिस्क त्याच्या हाताच्या आणि पडद्याच्या मध्ये ठेवली. धरून ठेवली.  

"वहिनी?" दीर वळला. "तुम्ही कधी आलात?"

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले, "भाऊ, ह्यांचं आत आहे अजून?"

तो गोंधळला. एकदा दिराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "असेल ताई. बरंचसं असेल. काल-परवापासून कोणी वर काही टाकलं नसेल तर."

"मग आधी ते काढून द्या. वाटणीत ठरलंय."

दीर म्हणाला, "वहिनी, दादाला पाठवा. मी दादाशी बोलेन."

जाऊ आतून आली होती. हाताला पीठ तसंच. "अहो, चौथीवाल्यांनी आता कॉम्प्युटर शिकवायचा का आपल्याला?" मग मला म्हणाली, "ताई, डोळे तुमच्या माणसाचे गेले, ते आम्ही नाही घालवले. त्या चित्रांचं करणार काय तुम्ही? भिंतीला लावणार?"

"आम्ही काहीही करू."

"ह्यांनीच तर रेघा मारल्यात त्या. रात्रंदिवस बसून. तुम्ही काय केलं, काचेवर ठेवले आणि उचलले."

"नक्षी कोरली कुणी?"

 दीर कॉम्प्युटरवाल्याला म्हणाला, "तू तुझं काम कर रे. घरातलं आम्ही बघू."

कॉम्प्युटरवाल्याने खुर्ची मागे सरकवली. "शेठ, मी धंदेवाला माणूस. दोन घरं भांडत असतील तर मी बटण दाबत नाय. उद्या माझ्या नावाने बोंब होईल. तुमचं ठरवा, मग फोन करा."

"ठरलेलंच आहे. हिला काय विचारायचं?"

"हो," जाऊ म्हणाली. "माहेरचा माणूस ना तो. तलासरी तलासरी एक."

त्यावर तो माणूस उठलाच. पिशवी उचलली. माझ्या डोक्यात एकच होतं, की हा गेला तर दीर दुसऱ्या कुणाला बोलावेल आणि संध्याकाळपर्यंत शून्य भरून होईल. मी डिस्क टेबलावर ठेवून कॉम्प्युटरसमोर उभी राहिले, पाठ पडद्याला लावून. सरकणार नव्हते. मला हाताला धरून बाजूला करायची हिंमत दिराला झाली नसती, एवढं मला माहीत होतं. वहिनीच्या अंगाला हात लावायची आमच्यात पद्धत नाही. त्या पद्धतीचा मी त्या दिवशी फायदा घेतला.

त्यातून वाट निघाली ती माझ्यामुळे नाही आणि दिराच्या चांगुलपणाने तर नाहीच. जाऊ एकदम म्हणाली, "अहो, तुमचं जुनं उडवलं म्हणालात, त्यात ती कर्णफुलंपण काढली का? उंबरगाववाल्यांची?"

दीर कॉम्प्युटरकडे वळला.

"त्यांचा सकाळीच फोन आलाय. तेच कर्णफूल परत पाहिजे म्हणून. मी हो म्हणून बसलेय."

"डाय असेल कुठेतरी."

"डाय तुम्ही गेल्या महिन्यात घासली. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणालात मला."

दीर कपाळाला हात लावून खाली बसला. जागा करायची म्हणून भावाचं उडवलं, जागा झाली नाही म्हणून स्वतःचं उडवलं, आणि जागा तेवढीच. नक्षी ना शिशात, ना पोलादात. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

जाऊ कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली, "दादा, बसा हो. चहा टाकते. काढा काय निघतं ते." मग माझ्याकडे न बघता, "सगळंच काढा."

मी तिचे आभार मानले नाहीत. तिने माझ्यासाठी काही केलेलं नव्हतं.

कॉम्प्युटरवाल्याने आत कसलातरी प्रोग्राम लावला आणि जे निघेल ते आमच्या डिस्कवर घ्यायला सुरुवात केली. दुपार त्यातच गेली. मी दारात बसून राहिले. चहा आला तो मला सोडून सगळ्यांना आला. निघालेल्या फाइलींना नावं नव्हती. पाट्याच काढलेल्या, नावं कुठून राहणार? नुसते आकडे. काही अर्धवट निघाल्या, मोराला अर्धी मान आणि पुढे काळी पट्टी. दीर म्हणाला, "आता कुणाची कुठली कसं ठरवणार? नाव नाही त्याच्यावर हक्क कसला?"

मी म्हणाले, "ह्यांना बोलावते."

हे आले. वाटणीनंतर पहिल्यांदाच भिंतीच्या त्या बाजूला पाय ठेवला. दोघे भाऊ एका बाकावर बसले आणि कॉम्प्युटरवाला एकेक नक्षी मोठी करून दाखवू लागला. हे पडद्याला नाक लावून बघायचे.

"ही माझी."

"हो, घे."

"ही बाबांची."

"ही माझी, दादा."

"तुझीच. पाकळी बघ ना किती जाड केलीयेस."

एवढं ऐकून दीर हसला आणि हेही हसले. मला तो प्रकार असह्य झाला. ज्याने ह्यांची उभी हयात उडवली होती, त्याच्या शेजारी बसून हे पाकळीवर हसत होते.

मग एक कारल्याचा वेल आला. पानं अशी की कडेचा प्रत्येक दातरा वेगळा. मला तो ठसा आठवत होता. काचेवर ठेवताना त्याचं एक टोक माझ्या बोटाला लागलं होतं. दीर म्हणाला, "हा माझा." ह्यांनी पडद्यावरच्या एका पानावर बोट ठेवलं.

"हात धरून मी शिकवला होता तुला हा," हे म्हणाले.

"पण कोरला मी."

"हो. तूच कोरलास. तुझाच."

मला ते पटलं नाही. हात ज्याने धरला त्याचाही थोडा असतो. पण ह्यांनी स्वतःच्या तोंडाने दिलं होतं.

सगळं निवडून झाल्यावर कॉम्प्युटरवाला डोकं खाजवत म्हणाला, "ताई, एक अडचण आहे. ह्या फाइली फक्त त्या आतल्या जुन्या प्रोग्राममध्येच उघडतात. नुसत्या नेऊन आगरला काही दिसणार नाय."

दिराच्या तोंडावर काय आलं ते मी पाहिलं. तो म्हणाला, "मग काय, लागेल तेव्हा इकडे या. मी उघडून देईन. कोण नाही म्हणतंय?"

म्हणजे पुन्हा दारात उभं राहायचं. पुन्हा हजेरी.

"आतला कॉम्प्युटरच आम्हाला द्या," मी म्हणाले. "एकच फाइल आहे म्हणालात ना तुम्ही? मग तिची नक्कल द्या."

"नक्कल होते. पण आत्ता फार मोठीये, तुमच्या डिस्कवर आता एवढी जागा उरली नाय. आधी शेठचं आणि बाबांचं परत आत घालतो, शून्य भरतो, दाबून बारीक करतो. मग बसेल."

"आणि माझी नक्षी?" दीर उठून उभा राहिला. "ती पण जाणार का हिच्याबरोबर? अख्खा कॉम्प्युटर? वाटणीत दोघांना अख्खं कसं मिळतं?"

"त्यांची आमच्यातून उडवा," मी कॉम्प्युटरवाल्याला म्हणाले. "आणि नुसती उडवू नका. शून्य भरा. त्यांच्यासमोर भरा."

हे म्हणाले, "अगं, एवढं कशाला?"

"उद्या म्हणतील आम्ही काढून घेतली. डिलीट केलेलं निघतं हे त्यांना आता माहीत आहे. आपल्यालाही माहीत आहे."

 जावेने दोन वेळा सांगितलं की उंबरगाववाल्यांना उद्या सकाळी कळवायचंय. शेवटी तो म्हणाला, "करा काय करायचं ते," आणि मशीनच्या स्टुलावर जाऊन बसला.

कॉम्प्युटरवाल्याने तसंच केलं. आधी दिराचा कॉम्प्युटर झाला. लाल पट्टी उतरली, निळी झाली. जाऊ म्हणाली, "चला, सुटलो." मग आमची नक्कल. तीत दिराची नक्षी होती ती काढली, ह्यांची घातली, सासऱ्यांची राहू दिली. पुसायच्या आधी कॉम्प्युटरवाल्याने शेवटचं विचारलं, "ताई, भरू? परत येणार नाय." त्यात तो कारल्याचा वेलही होता. हे माझ्याकडे बघत होते. त्यांना म्हणायचं होतं तो एक राहू दे. ते म्हणाले नाहीत, कारण भाऊ समोर होता. मी म्हणाले, "भरा."

पडद्यावर टक्के सरकत गेले. दीर स्टुलावरून उठला नाही, पण त्याचं लक्ष पडद्यावरच होतं. आपलं काम पुसलं जाताना बसून बघायचं कसं असतं ते त्याला थोडं तरी कळावं असं मला वाटत होतं. त्याच्याकडे स्वतःची प्रत होतीच. त्याचं काहीच गेलं नव्हतं. तरी त्याने बघितलं.

घरी येताना हे म्हणाले, "तो एक ठेवायला पाहिजे होता."

"तुम्हीच दिलात ना त्याला."

"दिला. पण बघायला तरी राहिला असता."

मी डिस्क फडक्यात गुंडाळून तांदळाच्या पिंपावर ठेवली. पुढच्या आठवड्यात आगरच्या कारखान्यात त्याच कॉम्प्युटरवाल्याने येऊन आतला कॉम्प्युटर उघडून दिला, आणि ह्यांच्या जास्वंदीची पहिली डाय मशीनवर कापली गेली. तिकडच्या मुकादमाने हा अर्धवट मोर का ठेवलाय म्हणून विचारलं. हे म्हणाले, राहू दे. त्या मोराची मान ते बोटाने हवेत पुरी करतात आणि मशीनवाल्याला सांगतात कुठे वळवायची. त्याला कळत नाही. मग ते पुन्हा सांगतात.